राष्ट्रीय सार्वमत आणि वृत्तपत्रांचा पक्षपात : ऑस्ट्रेलियाच्या २०२३ च्या कौलातून काय शिकायचे?

"आरक्षण ठेवायचे की नाही, यावर एकदा देशभर सार्वमत घेऊन टाका." हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसात किंवा एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऐकलेले असते. वरवर पाहता ते लोकशाहीचेच वाक्य वाटते. लोकांना विचारायला भ्यायचे कशाला? वस्त्यांमध्ये आणि अभ्यासिकांमध्ये काम करताना तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात, की याला उत्तर काय द्यायचे? चिडून दिलेले उत्तर टिकत नाही, माहितीने दिलेले टिकते. म्हणून सार्वमत म्हणजे काय, ते घ्यावे की नाही यावर वाद कसे होतात आणि त्या वादात वृत्तपत्रे काय करतात, याची माहिती आम्ही येथे एकत्र मांडत आहोत. मुख्य उदाहरण ऑस्ट्रेलियाचे घेतले आहे, कारण तेथे एका अल्पसंख्य, वंचित समाजाच्या हक्काचा प्रश्न संपूर्ण देशाच्या मताला टाकला गेला.

सार्वमत म्हणजे काय?

निवडणुकीत आपण प्रतिनिधी निवडतो. त्याने काम केले नाही तर पाच वर्षांनी बदलतो. सार्वमतात प्रतिनिधी नसतो, एक प्रश्न असतो आणि त्याला 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर देता येते. 'होय, पण अमुक दुरुस्तीसह' असे म्हणायला मतपत्रिकेवर जागा नसते. एकदा 'नाही' आले की तो प्रश्न पुढची कित्येक वर्षे कोणी हातात घेत नाही.

म्हणून कोणत्याही सार्वमताकडे पाहताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात. प्रश्न कोणी लिहिला? मत कोणाकोणाचे घेतले? आणि तो प्रश्न मतदाराला समजावून कोणी सांगितला? पहिल्या दोन गोष्टी कायद्यात लिहिलेल्या असतात. तिसरी लिहिलेली नसते. ते काम वृत्तपत्रे, वाहिन्या आणि आता मोबाईलचा पडदा करतो. पक्षपात शिरतो तो बहुधा येथेच.

ऑस्ट्रेलियातील पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी, म्हणजे तेथील ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरील लोक, आज देशाच्या लोकसंख्येत सुमारे ३.८ टक्के आहेत. १९०१ साली लागू झालेल्या तेथील राज्यघटनेचे कलम १२७ असे होते, की देशाची लोकसंख्या मोजताना ॲबोरिजिनल माणसे धरायची नाहीत. २७ मे १९६७ रोजी झालेल्या सार्वमताने हे कलम काढून टाकले आणि मूलनिवासींसाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला दिला. त्या वेळी ९०.७७ टक्के मते 'होय' पडली. संसदेत एकाही सदस्याने विरोध केला नव्हता, त्यामुळे सरकारी पत्रकात 'नाही'ची बाजू छापण्याचा प्रश्नच आला नाही.

त्यानंतरच्या दशकांत मूलनिवासींच्या सल्लागार संस्था सरकारांनी कायद्याने स्थापन केल्या आणि कायद्यानेच मोडल्या. 'ॲटसिक' ही त्यांतील मोठी, निवडून आलेल्या प्रतिनिधींची संस्था २००५ साली बरखास्त झाली. एक सरकार देते आणि दुसरे काढून घेते, हा अनुभव असल्यामुळे मागणी पुढे आली ती संस्था घटनेतच लिहिण्याची. मे २०१७ मध्ये उलुरू येथे देशभरातील मूलनिवासी प्रतिनिधींच्या अधिवेशनात एक निवेदन मंजूर झाले. ते एका पानाचे आहे. घटनेत आमचा 'आवाज' असावा, ही त्यातली पहिली मागणी. प्रा. मेगन डेव्हिस, पॅट अँडरसन, नोएल पिअर्सन हे या प्रक्रियेतील प्रमुख चेहरे.

हा 'आवाज', इंग्रजीतला 'व्हॉइस', म्हणजे एक सल्लागार मंडळ. मूलनिवासींशी संबंधित विषयांवर ते संसदेला आणि सरकारला आपले म्हणणे सादर करणार. त्याची रचना, कामे आणि अधिकार संसद ठरवणार. त्याला नकाराधिकार नव्हता आणि पैसे वाटण्याचा अधिकार प्रस्तावात दिलेला नव्हता. मागणी एवढीच होती, की आमच्याबद्दल निर्णय घेताना आमचे ऐका.

आधी वाद झाला तो सार्वमत घ्यावे की नाही यावर

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांच्या सरकारने ही मागणी फेटाळली. हे मंडळ संसदेचे तिसरे सभागृह समजले जाईल आणि असे सार्वमत जिंकणे अशक्य आहे, अशी कारणे दिली गेली. मे २०२२ मध्ये निवडणूक जिंकल्याच्या रात्रीच्या भाषणात अँथनी अल्बनीज यांनी उलुरू निवेदन पूर्ण अमलात आणण्याचे वचन दिले आणि सार्वमताचा विषय पुन्हा पुढे आला.

त्या वेळी झालेल्या वादातील मुद्दे आपल्या तरुणांनी नीट पाहावेत, कारण भाषा आपल्याही ओळखीची आहे. आधी साधा कायदा करून पाहा, घटनेत कशाला? महागाईने लोक त्रस्त असताना हा विषय आत्ताच का? तपशील दिल्याशिवाय मत कसे द्यायचे? सगळे नागरिक समान असताना एका गटाला वेगळी तरतूद म्हणजे वंशावरून फूट पाडणे नव्हे काय?

नॅशनल पक्षाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि पीटर डटन यांच्या लिबरल पक्षाने एप्रिल २०२३ मध्ये विरोध जाहीर केला. ऑस्ट्रेलियात दोन्ही मोठ्या पक्षांचा पाठिंबा नसताना एकही सार्वमत आजवर यशस्वी झालेले नाही. तेथे विजयासाठी दुहेरी बहुमत लागते. देशात एकूण बहुमत हवे आणि सहापैकी किमान चार राज्यांतही बहुमत हवे. १९०१ पासून २०२३ पूर्वी ४४ प्रश्न मतदारांपुढे ठेवले गेले, त्यांतले फक्त ८ मंजूर झाले.

वृत्तपत्रे कोणाच्या हातात?

ऑस्ट्रेलियातील छापील वृत्तपत्रांचा फार मोठा हिस्सा रूपर्ट मरडॉक कुटुंबाच्या न्यूज कॉर्प या कंपनीकडे आहे. देशव्यापी 'द ऑस्ट्रेलियन', सिडनीचे 'डेली टेलिग्राफ', मेलबर्नचे 'हेराल्ड सन', ब्रिस्बेनचे 'कुरिअर मेल', ॲडलेडचे 'ॲडव्हर्टायझर' ही सगळी तिचीच. ब्रिस्बेन आणि ॲडलेड येथे शहराचे म्हणून छापले जाणारे मोठे दैनिक याच एका कंपनीचे आहे. 'स्काय न्यूज ऑस्ट्रेलिया' ही वाहिनीही तिचीच. या मालकीची चौकशी व्हावी म्हणून माजी पंतप्रधान केविन रड यांनी २०२० साली संसदेकडे केलेल्या अर्जावर पाच लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या होत्या.

दुसऱ्या बाजूला नाइन कंपनीची 'सिडनी मॉर्निंग हेराल्ड' आणि 'द एज' ही वृत्तपत्रे 'होय'च्या बाजूने उभी राहिली. न्यूज कॉर्पमध्येही सगळे एका सुरात बोलत होते असे नाही. नोएल पिअर्सन यांचे लेख 'द ऑस्ट्रेलियन'मध्ये येत. ख्रिस केनी हे त्याच कंपनीचे स्तंभलेखक आणि सूत्रसंचालक असूनही त्यांनी 'व्हॉइस'ला पाठिंबा दिला. ही वस्तुस्थिती सांगितली नाही तर आपणही पक्षपातीच ठरू. पण एखाददुसरा वेगळा लेख छापला म्हणून वृत्तपत्राचा एकूण कल बदलत नाही. रोजचा मथळा आणि रोजची चर्चा कोणत्या दिशेला ढकलते, ते पाहावे लागते.

पक्षपात दिसला तो असा

पक्षपात म्हणजे खोटी बातमी, असा आपला समज असतो. खोटी बातमी पकडता येते. पक्षपात बहुतेक वेळा खऱ्या गोष्टींच्या मांडणीत असतो.

*संशयालाच बातमी करणे.* 'नाही' गटाची मुख्य घोषणा अशी होती, की माहिती नसेल तर 'नाही'वर मत द्या. मतदाराला माहिती नसेल तर ती देणे हे वृत्तपत्राचे काम. पण 'तपशील कुठे आहे?' हाच मथळा महिनोन्‌महिने चालला. प्रस्तावित कलम काही ओळींचे होते आणि तपशील संसद ठरवणार हे त्यातच लिहिलेले होते. तरीही प्रश्न उत्तरापेक्षा मोठा छापला गेला.

*साध्या कागदाला गूढ बनवणे.* ऑगस्ट २०२३ मध्ये उलुरू निवेदन एक पानाचे नसून २६ पानांचे आहे आणि खरा मजकूर लपवला जात आहे, असा दावा स्काय न्यूजवरून पसरला. बाकीची पाने म्हणजे अधिवेशनापूर्वीच्या प्रादेशिक चर्चांच्या नोंदी आणि पार्श्वभूमी होती. आरएमआयटी विद्यापीठाच्या तथ्यतपासणी गटाने दावा खोटा ठरवला. मग वाद उलटून त्या गटावरच आला.

*वक्त्याचे वाक्य फिरवणे.* प्रा. मार्सिया लँगटन या ज्येष्ठ मूलनिवासी विदुषी. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी म्हटले, की 'नाही' मोहिमेचे युक्तिवाद सोलून पाहिले तर आत वंशद्वेष किंवा मूर्खपणा निघतो. काही मथळ्यांत ते असे झाले, की 'नाही' मत देणारे मतदारच वंशद्वेष्टे आणि मूर्ख आहेत असे त्या म्हणाल्या. युक्तिवादावरची टीका माणसांवरची शिवी झाली. त्यानंतर चर्चा प्रस्तावावर राहिली नाही, लँगटन यांच्यावर गेली.

*समाजातले मतभेद हत्यार म्हणून वापरणे.* मूलनिवासींमध्ये एकमत नव्हते. सिनेटर जसिंटा नम्पिजिन्पा प्राइस आणि वॉरेन मुंडीन हे 'नाही' मोहिमेचे प्रमुख चेहरे होते. सिनेटर लिडिया थॉर्प यांचा विरोध अगदी उलट कारणासाठी होता. सल्लागार मंडळ अपुरे आहे, आधी करार हवा, असे त्यांचे म्हणणे. हे दोन विरोध एकमेकांच्या टोकाचे होते. पण 'त्यांचेच लोक नको म्हणतात' या एका वाक्यात दोन्ही गुंडाळले गेले. वर्षाच्या सुरुवातीच्या दोन जनमत चाचण्यांत मूलनिवासींपैकी सुमारे ८० टक्के लोक 'होय' म्हणत होते. पुढे हा आकडा घसरला, तरी बातम्यांतून दिसणारे चित्र निम्मे-निम्मे असे होते.

*खोटा समतोल.* ही चूक सद्हेतूनेही होते. दोन्ही बाजूंना सारखी मिनिटे दिली की आपण निःपक्षपाती, असे संपादक मानतात. पण एक बाजू तपासलेली माहिती देत असेल आणि दुसरी न तपासलेला दावा करत असेल, तर सारखी जागा देणे म्हणजे दाव्याला माहितीचा दर्जा देणे. सरकारी पत्रकातही हीच अडचण होती. निवडणूक आयोगाने घराघरांत पाठवलेल्या पुस्तिकेतील 'होय' आणि 'नाही' या दोन्ही बाजू त्या त्या बाजूच्या खासदारांनी लिहिल्या होत्या. त्यातील मजकूर खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला नव्हता.

*बोलणाऱ्याची किंमत.* मे २०२३ मध्ये स्टॅन ग्रँट या मूलनिवासी पत्रकाराने सार्वजनिक वाहिनी एबीसीवरील आपल्या कार्यक्रमातून माघार घेतली. राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकाच्या प्रक्षेपणात वसाहतवादावर बोलल्यानंतर त्यांच्यावर वंशद्वेषी शिव्यांचा मारा झाला होता. सार्वमताची मोहीम तापत असताना देशातील एक मोठा मूलनिवासी आवाज पडद्यावरून गेला.

निकाल

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी मतदान झाले. 'होय' ३९.९४ टक्के, 'नाही' ६०.०६ टक्के. सहाही राज्यांत 'नाही'. फक्त राजधानीच्या कॅनबेरा प्रदेशात 'होय'ला बहुमत. मात्र दुर्गम भागांतील ज्या केंद्रांवर मतदार मुख्यतः मूलनिवासी होते, तेथे चित्र वेगळे होते. क्वीन्सलँडमधील पाम आयलंडवर सुमारे तीन-चतुर्थांश मते 'होय' पडली. नॉर्दर्न टेरिटरीतील टिवी बेटांवरही 'होय'ला मोठे बहुमत होते. ज्यांच्यासाठी प्रश्न होता त्यांच्या वस्त्या 'होय' म्हणाल्या, देश 'नाही' म्हणाला.

निकालानंतर 'होय'च्या बाजूच्या मूलनिवासी नेत्यांनी एक आठवड्याचे मौन पाळले.

सगळा दोष वृत्तपत्रांचा का?

नाही. असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे ठरत नाही. १९९९ साली ऑस्ट्रेलियात ब्रिटिश राजसत्ता सोडून प्रजासत्ताक व्हायचे की नाही, यावर सार्वमत झाले. त्या वेळी 'द ऑस्ट्रेलियन'सह बहुतेक मोठी वृत्तपत्रे 'होय'च्या बाजूने होती, तरी प्रस्ताव पडला. म्हणजे वृत्तपत्र ठरवेल तेच होते असे नाही. २०२३ मध्ये मुख्य विरोधी पक्षाचा विरोध, महागाई आणि 'होय' मोहिमेच्या मर्यादा हीही कारणे होती.

पण दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. वृत्तपत्राला विश्वास निर्माण करायला फार कष्ट पडतात, संशय निर्माण करायला फार थोडे. सार्वमतात जैसे थे ठेवण्यासाठी फक्त संशय पुरतो. म्हणून बदल मागणारा समाज आधीच मागे असतो. आणि त्याच्याकडे स्वतःचे वृत्तपत्र नसेल तर तो दुप्पट मागे असतो.

सार्वमताची मागणीच वृत्तपत्रे कशी उभी करतात, याचे उदाहरण ब्रिटनचे. 'डेली मेल'ने २००३ साली युरोपीय राज्यघटनेच्या प्रश्नावर वाचकांचे स्वतःचेच 'सार्वमत' घेतले. 'डेली एक्स्प्रेस'ने नोव्हेंबर २०१० पासून युरोपीय संघ सोडण्याची उघड मोहीम चालवली. मार्च २०१६ मध्ये 'द सन'ने राणीचा ब्रेक्झिटला पाठिंबा असल्याचा मथळा दिला. तेथील वृत्तपत्र नियामक संस्थेने मे महिन्यात तो मथळा दिशाभूल करणारा ठरवला. जूनमध्ये मतदान झाले आणि ५१.९ टक्क्यांनी ब्रिटन बाहेर पडले. मथळा पहिल्या पानावर येतो, त्याची दुरुस्ती लोकांपर्यंत त्याच जोराने पोहोचत नाही.

भारतात सार्वमताची तरतूद आहे का?

भारतीय राज्यघटनेत राष्ट्रीय सार्वमताची तरतूद नाही. घटनादुरुस्ती कलम ३६८ प्रमाणे संसद करते आणि काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संसदेलाही घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही.

एकदा मात्र ही तरतूद आणण्याचा प्रयत्न झाला. आणीबाणीनंतर जनता सरकारने १९७८ साली ४५ वी घटनादुरुस्ती मांडली. धर्मनिरपेक्षता, लोकशाही, मूलभूत हक्क, मुक्त निवडणुका किंवा न्यायव्यवस्थेचे स्वातंत्र्य यांना धक्का लावणारी दुरुस्ती करायची असेल तर जनतेचे सार्वमत घ्यावे, असे त्यात होते. हेतू संरक्षणाचा होता. लोकसभेने ते मंजूर केले, राज्यसभेने सार्वमताचे कलम वगळले आणि बाकीचे विधेयक ४४ वी घटनादुरुस्ती म्हणून आले. आमच्या मते ते कलम गळले हे बरे झाले. कारण जे कुलूप म्हणून आणले होते, तेच उद्या किल्ली म्हणून वापरता आले असते. आज मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही. सार्वमताची वाट असती तर "जनतेनेच कौल दिला" म्हणून ती मोडता आली असती.

देशव्यापी नसले तरी प्रादेशिक कौल भारतात झाले आहेत. १९४८ मध्ये जुनागढ, १९७५ मध्ये सिक्कीम. मराठी वाचकाला जवळचा आहे तो १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, हा प्रश्न होता. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणवादी होते. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. मराठी वाचणारा गोवेकर तोवर मुख्यतः विलीनीकरणाची बाजू वाचत होता. त्याच्यापर्यंत दुसरी बाजू मराठीतूनच नेण्याचे काम 'राष्ट्रमत' या दैनिकाने केले. चंद्रकांत केणी यांचे संपादन आणि उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर गाजले. १,७२,१९१ मते केंद्रशासित प्रदेशाला, १,३८,१७० मते विलीनीकरणाला पडली. निकाल आवडो न आवडो, एक छोटे दैनिकही लोकांच्या भाषेत, रोज, नेमाने बोलले तर काय करू शकते, याचा हा धडा आहे.

बाबासाहेबांची भूमिका : मत कोणाचे?

बाबासाहेब सार्वमताच्या विरोधात होते, असे सरसकट म्हणणे चूक आहे. १९३२ च्या सप्टेंबरात पुणे कराराच्या वाटाघाटींत त्यांनी स्वतः सार्वमताची मागणी केली होती. राखीव जागांची व्यवस्था पुढे चालू ठेवायची की नाही हे काही वर्षांनी सार्वमताने ठरावे, पण ते सार्वमत अस्पृश्यांचे असावे, असा त्यांचा आग्रह होता. ते दहा वर्षांनी घ्यावे की पाच वर्षांनी, यावर बोलणी अडली. शेवटी सार्वमताचे कलमच वगळले गेले आणि राखीव जागांचा पुढील निर्णय दोन्ही समाजांच्या संमतीने व्हावा, असे करारात आले.

पुढे पाकिस्तानवरील ग्रंथातही त्यांनी सार्वमताचा आराखडा मांडला. तेथेही मुसलमान आणि बिगरमुसलमान यांची मते वेगळी घ्यावीत, म्हणजे एका समाजाचा निर्णय दुसऱ्यावर लादला जाणार नाही, असा विचार आहे.

यामागचे तत्त्व त्यांनी १९४० च्या दशकातील लिखाणात स्पष्ट केले आहे. राजकीय बहुमत बदलते, आज एका पक्षाचे तर उद्या दुसऱ्याचे. पण भारतातील बहुमत हे जमातीचे बहुमत आहे. ते जन्माने ठरते, वादविवादाने बदलत नाही. अशा बहुमताच्या हाती अल्पसंख्याकांचा हक्क देणे म्हणजे लोकशाही नव्हे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात अनुसूचित जाती १६.६ टक्के, अनुसूचित जमाती ८.६ टक्के आणि बौद्ध ०.७ टक्के आहेत. आरक्षणाच्या किंवा धर्मांतराच्या प्रश्नावर देशव्यापी 'होय-नाही' झाले तर मतपेटी उघडण्यापूर्वीच निकाल काय असेल, हे पाम आयलंडच्या माणसाला विचारा.

आपली वृत्तपत्रे आणि त्यांची वृत्तपत्रे

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. त्यानंतर 'बहिष्कृत भारत' १९२७ साली, 'समता' १९२८ साली, 'जनता' १९३० साली आणि 'प्रबुद्ध भारत' १९५६ साली. एका माणसाने आयुष्यात इतकी पत्रे का काढली? कारण आपला प्रश्न दुसऱ्याच्या वृत्तपत्रातून मांडला की तो दुसऱ्याचाच होतो, हे त्यांना माहीत होते. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात त्यांनी भारतीय पत्रकारितेवर कडक टीका केली. पूर्वी जो पेशा होता तो आता व्यापार झाला आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

आजची स्थिती पाहू. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या २०१९ च्या अहवालात माध्यमांतील १२१ प्रमुख पदे तपासली होती. त्यांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचे कोणीही नव्हते. ऑस्ट्रेलियात निदान स्टॅन ग्रँट पडद्यावर होते. आपल्याकडे मथळा लिहिणाऱ्या टेबलावर आपण बसलेलोच नाही.

बातमी वाचताना विचारायचे प्रश्न

सार्वमत असो, आरक्षणाच्या वर्गीकरणाचा वाद असो की घटनादुरुस्तीची चर्चा, अभ्यासिकेत आणि विहारात बसून बातमी वाचताना आम्ही पुढील प्रश्न वापरतो. आपणही वापरून पाहा.

१. मथळ्यात जे म्हटले आहे ते बातमीच्या आत खरेच आहे का? वक्त्याचे मूळ वाक्य कोणते?

२. ज्यांच्याबद्दल बातमी आहे त्यांच्यापैकी किती जण बोलले आहेत, आणि कितव्या परिच्छेदात?

३. आपल्या समाजातला विरोधी आवाज दाखवला असेल, तर तो कोणत्या कारणाने विरोध करतो हे सांगितले आहे का?

४. 'लोकांमध्ये संभ्रम' असे लिहिले असेल, तर तो दूर करणारी माहिती त्याच बातमीत दिली आहे का?

५. जनमत चाचणीचा आकडा असेल, तर कोणाला विचारले, किती जणांना, आणि प्रश्न काय होता?

६. मूळ कागद एका पानाचा असेल तर तो आपण स्वतः वाचला आहे का?

सहावा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ऑस्ट्रेलियात उलुरू निवेदनावर वर्षभर भांडण झाले आणि ते वाचायला पाच मिनिटेही लागत नव्हती. आपल्याकडेही घटनेच्या कलम १५ आणि १६ वर रोज बोलणारे अनेक, वाचलेले थोडे. गटाच्या साप्ताहिक बैठकीत एखादे कलम मोठ्याने वाचून त्यावर अर्धा तास चर्चा केली, तर तो खर्च शून्य आहे.

मग उत्तर काय द्यायचे?

"सार्वमत घ्या" म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचे ते असे. मूलभूत हक्क मतांनी दिले जात नाहीत आणि मतांनी काढून घेतले जात नाहीत, म्हणूनच ते मूलभूत. ज्यांचा हक्क आहे त्यांचे मत विचारायचे असेल तर १९३२ साली बाबासाहेबांनी तेच मागितले होते, आणि ते नाकारले कोणी याची आठवण ठेवा. सगळ्या देशाला विचारायचे असेल, तर आधी सांगा, प्रश्न कोण लिहिणार आणि तो समजावून सांगणारी वृत्तपत्रे कोणाची असणार?

हे उत्तर देता यावे म्हणून आपल्याला वाचणारे हवेत, लिहिणारे हवेत आणि लिहिलेले पैसे देऊन घेणारेही हवेत. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापली गेली नव्हती. आज आपल्या पत्रांना, संकेतस्थळांना आणि वाहिन्यांना वर्गणीदार मिळतात का, हे आपणच ठरवतो.

जयभीम. नमो बुद्धाय.